मागचं इवलं कू

सावरवाडीत एके काळी घड्याळ एकच होतं आणि त्या घड्याळाला लालभडक तुरा होता. त्याला किल्ली द्यावी लागत नसे. मूठभर दाणे दिले की ते चालायचं. डोंगराच्या कुशीत दहाबारा घरं, खाली खळखळता ओढा, वर सावरीची उंच झाडं, आणि सगळ्यांत शेवटच्या, कुडाच्या भिंतींच्या घरात राहायचे येसू आणि तिचा आज्जा. घड्याळ याच घरचं होतं. त्याचं नाव पाव्हणा.

एवढ्याशा वाडीत दोन कोंबडे म्हणजे रोजची मारामारी. म्हणून जुन्या माणसांनी रीतच घालून दिली होती: कोंबड्या सगळ्यांनी पाळाव्यात, पण बांग देणारा कोंबडा एकाच घरानं ठेवावा. सुगी झाली की त्या घराला प्रत्येकानं सूपभर भात द्यावा. कोंबडा म्हातारा झाला की त्याच घरानं नवा निवडावा आणि उरलेले तरणे कोंबडे बाजाराच्या वाटेनं दुसऱ्या गावांना जावेत.

आता कोंबड्याचं नाव पाव्हणा कसं, ते ऐका. येसूची आई डोंगरापल्याडची. तिकडे लेकीच्या पाठवणीत एका डालग्यात कोंबडी आणि कोंबडा द्यायची चाल होती. नवरी दमूनभागून उंबऱ्याशी आली, डालगं खाली ठेवलं, आणि आतला कोंबडा भर दुपारी आरवला: कुकूच कूऽऽऽ. मग थोडा थांबला, आणि काहीतरी सांगायचं राहिल्यासारखा हळूच पुन्हा म्हणाला: कू.

वऱ्हाडी मंडळी हसून हसून लोळली. नव्या नवरीनं पदराआडून सांगितलं की आमच्याकडचे सगळे असेच आरवतात. तेव्हापासून तो पाव्हणा झाला. पुढे तो म्हातारा होऊन गेला, त्याचा मुलगा आला, तरी नाव पाव्हणाच राहिलं आणि मागचं इवलं कूही राहिलं. डालग्यातल्या कोंबडीचं मात्र कुणी नावसुद्धा ठेवलं नाही. ती आपली अंडी घालत राहिली.

हळूहळू वाडीला त्या कूची सवय झाली. मोठ्या बांगेला कूस बदलायची आणि इवल्या कूला उठून बसायचं. येसू लहान होती तेव्हा बांग झाली की ती डोळे चोळत उठू बघायची. मग आई तिच्या अंगावर वाकळ ओढायची आणि तिच्या कानाशी म्हणायची, "नीज. अजून इवलं कू व्हायचंय."

बांग आणि कू यांच्यामध्ये जेमतेम एक श्वास जाईल एवढी जागा. पण काय ऊब असायची तिच्यात! वाकळीला चुलीच्या धुराचा वास, आईच्या हाताला शेणामातीचा, बाहेर निळसर धुकं. येसूला वाटायचं, कोंबड्यानं कू म्हणायला विसरावं आणि आपण असंच पडून राहावं.

मग एका वर्षी तापाची साथ आली आणि आई गेली. बाप दूर घाटाखाली रस्त्याच्या कामावर, तो सणावारालाच यायचा. आज्ज्याचे डोळे आधीच विझत आलेले. त्याला उजेड आणि अंधार एकच. घरात एक मडकं, दोन ताटल्या आणि ती वाकळ. अंडी विकून मीठ आणि चहापूड यायची. नऊ वर्षांची येसू पाणी भरायची, भाकरी थापायची, ती कधी जाड व्हायची तर कधी करपायची, आणि आज्जा तिला कधी नावं ठेवायचा नाही. तरी पहाटे पाव्हणा आरवला की ती डोळे घट्ट मिटून पडून राहायची, कारण बांग आणि कू यांच्या मधल्या जागेत आई अजून असायची.

मग एका पावसाळ्यात मुंगसानं पाव्हण्याला नेलं. येसूनं दोन दिवस भाकरी खाल्ली नाही.

वाडीचं घड्याळ बंद पडलं. सगळ्यांच्या सकाळी वाकड्यातिकड्या व्हायला लागल्या. कुणी चांदण्यालाच उजाडलं समजून नांगर जुंपला, तर कुणी उन्हं तोंडावर येईपर्यंत घोरत पडलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, ते खरंच आहे; उजाडायचं रोज, पण सावरवाडीला ते कळायचं नाही. सगळ्यांत हाल आज्ज्याचे झाले. त्याला सकाळ डोळ्यांनी दिसत नव्हती आणि आता कानांनाही सांगणारं कुणी उरलं नव्हतं. बिचारा रात्रीतून दहादा उठून बसायचा आणि विचारायचा, "येसू, तांबडं फुटलं का गं?"

पाव्हण्यामागे तीन तरणे कोंबडे उरले होते. ठिपकी नावाच्या कोंबडीनं श्रावणात ती पिल्लं काढली होती. एकाचा रंग शेंदरासारखा, पाठीवर सोन्याची झाक, तुरा ताठ, म्हणून तो शेंदऱ्या. दुसरा काळा, पण उन्हात शेपटीतून हिरवं, निळं, जांभळं असं काय काय चमकायचं, तो मोरपंख्या. आणि तिसऱ्याच्या मानेवर पीसच नव्हतं. लाल, सुरकुतलेली, उघडी मान आणि अंगावर मातकट पिसं. वाडीतल्या पोरांनी त्याला उघड्या म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं.

उघड्या पाव्हण्याचा मुलगाच नव्हता. बाजाराच्या वाटेवर कुणाच्या तरी टोपलीतून पडलेलं एक गार अंडं येसूला चिखलात सापडलं होतं. शेजारची हौसाक्का म्हणाली होती, यात काही जीव नाही, टाकून दे. येसूला टाकवेना. तिनं ते पुसलं, पोटाशी धरून घरी आणलं आणि ठिपकीच्या पंखाखाली सरकवलं. त्यातून हा निघाला.

आता तिघांतला एकच ठेवायचा होता. तिघंही चार महिन्यांचे झाले होते, एकमेकांचे तुरे फोडत होते, आणि दाणे तर एकालाच जेमतेम पुरणार होते. गुरुवारी हौसाक्का बाजाराला निघाली की दोघांना घेऊन जाणार, असं ठरलं. ठेवायचा कुणाला, याबद्दल वाडीच्या मनात शंकाच नव्हती. पाव्हण्याचा वंश चालला पाहिजे, म्हणजे शेंदऱ्या नाहीतर मोरपंख्या. उघड्याचा विचार कशाला करायचा?

येसूला फक्त एक गोष्ट हवी होती. दोघांतल्या ज्याच्या गळ्यात ते मागचं कू असेल, तो तिला हवा होता. पण अजून कुणालाच कंठ फुटला नव्हता. चुकीचा ठेवला तर आईची ती जागा कायमची जाणार होती.

आज्जा म्हणायचा, कोंबडा पारखायचा तर दाणे टाकून बघावं. जो आधी खातो तो पाहुणा आणि जो आधी बोलावतो तो घरधनी. येसूनं टाकून बघितले. शेंदऱ्यानं मान खाली घातली ती दाणे संपल्यावरच वर काढली. मोरपंख्यानं कोंबड्यांना चोची मारून पळवून लावलं. उघड्यानं एक दाणा उचलला, खाली टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला आणि टुक टुक टुक करत ठिपकीच्या मुलींना हाका मारत राहिला. त्यांतली चिमी एका पायानं लंगडी, ती सगळ्यांत शेवटी यायची. ती येईपर्यंत हा तो दाणा राखून उभा राहायचा.

येसूला हे सगळं दिसत होतं. पण मन मोठं लबाड असतं. ते म्हणालं, असू दे, उघड्याच्या गळ्यात काही आईचं कू नाही.

ते दिवस थंडीचे होते. पहाटे गवताच्या पात्यापात्यावर दवाचे टपोरे मोती लटकायचे आणि कोळ्यांची जाळी चांदीची व्हायची. मंगळवारी उजाडता उजाडता येसू परड्यामागच्या राईत शिरली. ठिपकी खुडूक होऊन तिथं अडुळशाच्या जाळीत अंडी घेऊन बसली होती. कोंबडा नसतानाची अंडी ती, त्यातून पिल्लू कसलं निघणार? आज्जा म्हणाला होता, अंडी काढून घे, उगीच झिजून मरेल ती. येसूनं ठिपकीच्या पोटाखाली अलगद हात घातला. एक उबदार अंडं लागलं, दुसरं लागलं आणि तिसऱ्याच्या जागी बोटांना बर्फासारखं गार काहीतरी लागलं.

तिनं ते हळूच बाहेर काढलं. तळहातावर एक चिमुकली परी होती.

करंगळीएवढी परी! अंगात फिकट निळ्या धुक्याचा झगा, पाठीवर पाण्यासारखे पारदर्शक चार इवले पंख, चिकटून एक झालेले, आणि कपाळावरच्या बिंदीत लुकलुकणारे तीन दवबिंदू. ती थंडीनं काकडून गेली होती. येसूनं तोंडाची वाफ तिच्यावर सोडली, ठिपकीचं एक मऊ पीस तिला पांघरलं, आणि काय वाटलं कोण जाणे, तिला परत कोंबडीच्या पंखाखाली सरकवून म्हणाली, "नीज. अजून ऊन यायचंय."

थोड्या वेळानं ठिपकीच्या पिसांतून एक इवलंसं डोकं बाहेर आलं. गाल गुलाबी झाले होते.

परीनं सांगितलं की ती दवाची परी. रात्रभर गवतावर थेंब मांडत फिरायचं आणि ऊन आलं की उजेडात विरून जायचं, हे तिचं काम. आज एका वाकड्या पात्यावरून पाय घसरला, पंख भिजले आणि जवळात जवळची ऊब म्हणून ती या कोंबडीखाली शिरली. कोंबडीनंही काही विचारपूस न करता तिला पोटाशी घेतलं.

"येसू," परी म्हणाली, "माझ्या बिंदीत तीन थेंब आहेत. ते तुझे. रोज पहाटे एक माग. पण ऐक हं. ऊन गवताला लागायच्या आत मागायचं, ऊन लागलं की थेंब सुकला. एकदा मागितलेलं बदलता येत नाही. आणि जे गेलं ते परत मागायचं नाही. ते माझ्या हातात नाही."

येसूच्या ओठांवर एकच शब्द आला होता. तो तिनं गिळला. तिला फार वाईट वाटलं, इतकं की डोळ्यांतून दोन थेंब अडुळशाच्या पानावर पडले आणि परीनं ते आपल्या ओच्यात जपून घेतले.

मग तिनं विचारलं की तिघांतला कुठला कोंबडा ठेवायचा ते तू सांगशील का. परीनं मान हलवली. निवडणं हे माणसांचं काम, परीचं नाही, असं ती म्हणाली.

पूर्वेकडे आभाळ केशरी व्हायला लागलं होतं. येसूला स्वतःसाठी काही सुचेना. आठवला तो रात्रीतून दहादा उठून बसणारा आज्जा. ती म्हणाली, "माझ्या आज्ज्याला उजाडलेलं कळू दे."

बिंदीतला एक थेंब टपकन निसटला आणि निळ्या काजव्यासारखा घराकडे उडाला. तेवढ्यात ऊन गवताला लागलं, सगळी राई झगमगली आणि परी त्या झगमगाटात दिसेनाशी झाली. येसू धावत घरी आली तर आज्जा अंथरुणात बसून डोळ्यांवरून हात फिरवत होता. म्हणाला, "पापणीवर गार थेंब पडला बग. उजाडलं न्हवं?" येसूनं हो म्हटलं. त्या दिवसापासून रोज पहाटे आज्ज्याच्या पापणीवर थेंब पडायचा आणि रात्रभर तो मुलासारखा गाढ झोपायचा.

बुधवारी येसू चांदणी मावळायच्या आधीच राईत हजर. आज तिनं मनातलं मागितलं. या तिघांचा मोठेपणीचा आवाज मला आत्ता ऐकू दे, म्हणाली.

परीनं दुसरा थेंब फुंकरीनं उडवला. खुराड्यात तिन्ही कोंबड्यांचे गळे मोत्यासारखे चमकले. मग एकामागून एक ते आरवले, पण इतकं हळू की फक्त येसूच्या कानांना ऐकू यावं. मोरपंख्याची बांग लग्नातल्या तुतारीसारखी खणखणीत होती, पण ती झाली आणि संपली. उघड्याचा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. येसूला हसूच आलं. आणि मग शेंदऱ्या आरवला. कुकूच कूऽऽऽ. एक श्वास गेला. आणि कू.

दोन्ही हात तोंडावर ठेवून येसू रडली आणि रडता रडता हसली. वाकळीचा वास तिला आला, अगदी खरा. तिनं तिथंच ठरवलं, शेंदऱ्या राहणार. आता कुणाला काही विचारायची गरज नव्हती.

दुपारी ती अंगणात भात पाखडत होती. कोंबड्या कोंड्याभोवती जमल्या होत्या. अचानक उघड्या मान वाकडी करून आभाळाकडे बघायला लागला आणि त्याच्या गळ्यातून लांब, कर्कश आवाज निघाला. सावली जमिनीवरून सरकली. मोरघार होती ती, हातभर पंखांची. कोंबड्या फडफडत कुडाच्या आडोशाला पळाल्या. सगळ्यांत पुढे शेंदऱ्या पळाला, वाटेत आलेल्या ठिपकीच्या पाठीवर पाय देऊन. मोरपंख्या त्याच्या मागोमाग. लंगडी चिमी मात्र अंगणाच्या मधोमध राहिली.

घारीचे पंजे खाली आले तेव्हा चिमीच्या अंगावर उघड्या पंख पसरून उभा होता. क्षणभर नुसता पिसांचा धुरळा उडाला. येसू सूप फेकून ओरडत धावली, तशी घार रिकाम्या पंजांनी वर गेली. चिमीला ओरखडाही नव्हता. उघड्याच्या उघड्या मानेवर मात्र खोल जखम होती आणि एक पंख लोंबत होता.

आज्ज्यानं त्याला मांडीवर घेतलं, चाचपलं आणि हळद भरली. मग म्हणाला की हा सकाळ बघेल की नाही, सांगता येत नाही.

येसूनं त्याला सगळं सांगून टाकलं, परीचं, थेंबांचं आणि शेंदऱ्याच्या गळ्यातल्या कूचं. आज्जा हसला नाही. पापणीवरचा थेंब त्याला ठाऊक होता. तिनं विचारलं, "आज्जा, तुमी सांगा, मी काय करू?"

"मलाबी ते कू ऐकायचंय, पोरी," आज्जा म्हणाला. "तुझी आय गेल्यापास्नं मीबी त्येच ऐकत व्हतो. पर मी न्हाई सांगनार. दानं तू टाकतीस, कोंबड्या तुझ्या मागं येत्यात. तूच ठरीव."

एकच थेंब उरला होता. त्या रात्री येसूनं पडल्या पडल्या किती हिशेब मांडले! शेंदऱ्याला धीट कर म्हणावं, की झालं, कूही राहील आणि कोंबड्याही जपल्या जातील. किंवा ते कू उघड्याच्या गळ्यात घाल म्हणावं. पण गळ्यात कू घालायला उघड्या जगायला तर हवा. आणि चुलीजवळच्या टोपलीत तो इतका हळू श्वास घेत होता की येसू पुन्हा पुन्हा हात लावून बघत होती.

गुरुवारी पहाटे ती टोपली घेऊनच राईत गेली. परी अडुळशाच्या पांढऱ्या फुलात बसली होती, कपाळावर एकच थेंब. पूर्व उजळत होती. येसूला आईची वाकळ आठवली, तो वास आठवला, ती मधली जागा आठवली. मग तिनं टोपलीत बघितलं. उघड्यानं डोळे मिटले होते, पण कालचा भाताचा एक दाणा त्याच्या चोचीपुढे तसाच होता, आणि तो राखून ठेवल्यासारखी त्याची मान त्यावर वाकलेली होती.

"याला बरं कर," येसू म्हणाली.

थेंब ओघळला आणि त्या लाल, सुरकुतलेल्या मानेवर पडला. जखम मिटली, पंख जागेवर आला आणि उघड्यानं डोळे उघडून आधी चिमी कुठं आहे ते बघितलं.

परी उडून येसूच्या नाकाच्या शेंड्यावर टेकली. "गेलेलं परत येत नाही, येसू," ती हळूच म्हणाली. "पण येणारं कुणाच्या वाटेनं येईल, ते आधी कुणाला कळतं?" आणि ऊन आलं. तिचे चारी पंख सोनेरी झाले, मग गुलाबी, मग नुसता उजेड उरला.

घरी हौसाक्का टोपली घेऊन उभी होती. उघड्याला धडधाकट बघून तिनं कपाळाला हात लावला. शेंदऱ्यालाही बाजारात न्यायचं आहे हे कळल्यावर तर तिला पटेचना. "आगं, वंश हाय त्यो पाव्हण्याचा," ती म्हणाली. "आन ह्यो कुनाच्या टोपलीतनं पडलेला. इचार कर."

"केला, अक्का," येसू म्हणाली. "उघड्या ऱ्हानार."

हौसाक्का पुटपुटत निघाली. ओढ्याच्या वळणापलीकडे ती दिसेनाशी झाली आणि तेवढ्यात टोपलीतून शेंदऱ्याला कंठ फुटला. कुकूच कूऽऽऽ. सगळी वाडी थबकली. विहिरीवरच्या बायकांनी दोर धरून ठेवले. आणि दुरून, अगदी बारीक आलं: कू. हौसाक्का धावत परत वळणावर आली आणि हात उंचावून उभी राहिली, फिरू का माघारी, असं विचारत. येसूनं कुडाचा खांब घट्ट धरला आणि मानेनं नाही म्हटलं. मग ती आत गेली आणि वाकळीत तोंड खुपसून पोटभर रडली.

आठवड्याभरात उघड्या आरवायला लागला. गंजलेली बिजागरीच ती. वाडीनं आधी नाकं मुरडली, मग हसून घेतलं. पण वाडीच्या सकाळी पुन्हा सरळ झाल्या, आणि "उठा, दार करकरलं" असं म्हणायची नवी चाल पडली. त्या वर्षी मुंगूस आलं नाही, घार फिरकली नाही आणि एकही पिल्लू गेलं नाही. वाडीतली खुराडी भरली. हौसाक्कासुद्धा म्हणायला लागली की कोंबडा दिसायला काही नाही, पण घरधनी आहे. सुगीला येसूच्या घरी सूपभर भाताऐवजी सगळ्यांनी दोन दोन सुपं आणली. बापानं ते बघितलं आणि तो परत रस्त्याच्या कामाला गेला नाही. भाकऱ्या आता तो थापायचा, आणि त्या येसूच्या भाकऱ्यांपेक्षाही जाड व्हायच्या.

सगळं चांगलं होतं. तरी पहाटे बिजागरी वाजली की येसू डोळे मिटून वाट बघायची, एक श्वास, दोन श्वास, आणि काही यायचं नाही.

वर्ष फिरलं. पुन्हा दवाचे दिवस आले. लंगड्या चिमीनं पहिल्यांदाच पिल्लं काढली होती आणि त्यांतला एक तरणा कोंबडा बापासारखाच उघड्या मानेचा निघाला होता. एका पहाटे धुकं अजून निळं होतं. येसू वाकळीत होती. आज्ज्याच्या पापणीवर थेंब पडायचा होता. खुराड्यातून कुणीतरी नवंच आरवलं, बिजागरीसारखंच, करकरत: कुकूच कूऽऽऽ.

एक श्वास गेला.

कू.

येसू उठली नाही. हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत ओघळलं. आज्जा मात्र ताडकन उठून बसला होता आणि अंधारात हसत होता.

"गाढवं आमी," तो म्हणाला. "कोंबड्यावरनं वंश मोजत बसलो. आगं, तुझ्या आयनं डालग्यात कोंबडीबी आनली व्हती. तिची ठिपकी, ठिपकीची ही चिमी. चिमीला त्या दिशी घारीनं न्हेलं असतं, तर कुठलं कू आन कुठलं काय."

येसूला अडुळशाच्या जाळीतली ती पहाट आठवली. ती अनवाणी परड्यात धावली. राईच्या टोकाशी एका वाकड्या पात्यावर फिकट निळा झगा लुकलुकत होता. चिमुकल्या परीनं ओठांवर बोट ठेवलं आणि कान देऊन ऐकलं. पुन्हा बांग झाली, पुन्हा इवलं कू झालं. परी हसली, तिच्या ओच्यातले दोन जुने थेंब येसूच्या हातावर पडले, ते आता उबदार होते. आणि मग सूर्य डोंगरावर आला, लाख मोती एकदम पेटले आणि त्या उजेडात परी उजेड होऊन गेली.

येसू परत आली तेव्हा आज्जा अंथरूण गोळा करत होता. तिनं त्याला हाताला धरून खाली निजवलं, त्याच्या अंगावर ती जुनी वाकळ ओढली आणि त्याच्या कानाशी वाकली. काय म्हणाली, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आता सावरवाडीत घरोघरी घड्याळं आहेत, भिंतीवरची आणि हातातली. तरी तिथं उघड्या मानेचे कोंबडे अजून पाळतात, आणि ते आरवले की जुनी माणसं नुसती कूस बदलतात. कुणाला घाई नसते. तुम्हीही पांघरूण ओढून घ्या बरं, आणि निजा. अजून इवलं कू व्हायचंय.